मदत हवी आहे : रात्रपाळीत वळवाचे वादळ आल्यावर फेरी केव्हा थांबवावी?

एकटा_पहारा
नमस्कार. माझी कायम रात्रपाळी असते आणि उन्हाळ्याच्या अखेरीस वादळे नेमकी त्याच वेळेत गाठतात. काल पुन्हा तेच झाले. दिवे गेले, सोसाट्याचा वारा सुटला, विजा कडाडू लागल्या आणि फेरी पूर्ण करावी की अर्धवट सोडून केबिनमध्ये परतावे, हे मला ठरवता येईना. वरिष्ठांना विचारले, तर ‘परिस्थिती पाहून ठरवा’ एवढेच उत्तर मिळते. रात्री परिस्थिती दिसतच नाही, हीच तर अडचण आहे. पक्का नियम कुणाला माहीत असल्यास कृपया लवकर सांगावा, कारण आजही पाळी आहे.

जुना_तारतंत्री
आधी संगणक आणि राउटर यांचे प्लग वादळ जवळ येण्यापूर्वीच काढून ठेवावेत. जवळ वीज पडल्यास तारांमधून येणारा विजेचा दाब साधी संरक्षक पट्टी (सर्ज प्रोटेक्टर) थोपवू शकत नाही, आणि वादळ डोक्यावर आल्यानंतर प्लग काढायला जाणे हाच एक धोका आहे. यूपीएस असला, तरीही हेच करावे.

सावध_पाऊल
तारतंत्री, त्यांनी संगणकाविषयी काहीच विचारलेले नाही. एकटा_पहारा, फेरी रुग्णालयातील आहे, कारखान्याच्या आतली आहे, की उघड्यावरची? त्याशिवाय उत्तर देणे अवघड आहे.

एकटा_पहारा
उघड्यावरचीच. मालाचे मोठे आवार आहे, मी पहारेकरी आहे, आणि ठरलेल्या प्रत्येक खांबाजवळ जाऊन यंत्रावर नोंद करावी लागते.

सेकंद_मोजणारा
मग नियम सोपा आहे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. आवाजाला एक किलोमीटर कापायला सुमारे 3 सेकंद लागतात. अंतर 30 सेकंदांचे किंवा त्याहून कमी भरले, म्हणजे वीज साधारण 10 किलोमीटरच्या आत आहे, तर तत्काळ आडोसा गाठावा आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे बाहेर पडू नये. मी कित्येक वर्षे हेच करत आलो आहे.

ढगवेडा
दिवसा हे ठीक आहे, परंतु जोरदार वादळात विजा एकामागून एक चमकत असतात आणि कोणता आवाज कोणत्या विजेचा हे कळत नाही. शिवाय अंधारात फार दूरच्या विजेचा उजेडही दिसतो, मात्र तिचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचतच नाही. त्यापेक्षा फोनवर रडारचे चित्र पाहावे.

सेकंद_मोजणारा
रडारचे चित्र काही मिनिटे जुने असते, आणि पाऊस जिथे पडतो तिथेच वीज पडते असेही नाही. पावसाच्या पट्ट्यापासून कित्येक किलोमीटर दूर कोरड्या जागीही ती पडते. चित्राच्या भरवशावर उघड्यावर थांबणे मला मान्य नाही.

सावध_पाऊल
आपण दोघेही मोजण्यात अडकला आहात. गडगडाट ऐकू आला, याचाच अर्थ वीज पडू शकेल इतक्या अंतरावर आपण आहोत. सेकंद किती झाले, हा प्रश्न त्यानंतर उरत नाही. एकटा_पहारा, आपल्याला गडगडाट स्पष्ट ऐकू येतो का, आणि केबिन कशाची आहे?

एकटा_पहारा
केबिन फायबरची आहे, लोखंडी पायांवर उभी आहे. दिवे गेले की शेजारचा जनरेटर सुरू होतो, त्यामुळे बारीक गडगडाट ऐकू येत नाही.

सावध_पाऊल
हे दोन्ही तपशील पहिल्याच संदेशात यायला हवे होते. जनरेटर सुरू असताना आपले कान निरुपयोगी आहेत, म्हणून तेव्हा वीज दिसताच फेरी थांबवावी. ती दूरची निघाली, तर एक फेरी बुडेल, इतकेच. थंड वाऱ्याचा अचानक झोत आला, तरीही फेरी थांबवावी, कारण ढगातून खाली कोसळणारी गार हवा पुष्कळदा पावसाच्या आधी पोहोचते. फायबरची केबिन पाऊस अडवते, वीज नाही. आवारात पक्की इमारत किंवा धातूचे छत असलेली बंद गाडी आहे का?

रात्रीचा_प्रवासी
गाडीत निर्धास्त बसावे, रबराची चाके वीज अडवतात. फोन मात्र बंद करावा, तो वीज ओढून घेतो.

जुना_तारतंत्री
दोन्ही विधाने चुकीची आहेत. मैलोगणती हवा भेदून येणाऱ्या विजेपुढे चाकाचे चार बोटे रबर काहीच नाही. प्रवाह गाडीच्या धातूच्या बाह्य कवचावरून जमिनीत जातो, म्हणून आतला माणूस वाचतो. काचा बंद ठेवाव्यात आणि धातूच्या भागांना स्पर्श करू नये. दुचाकी किंवा कापडी छताच्या गाडीला हे लागू नाही. हातातला फोन वीज ओढत नाही, फक्त तो चार्जरच्या तारेला जोडलेला नसावा. पक्क्या इमारतीतही नळ आणि विजेची उपकरणे यांपासून दूर राहावे.

एकटा_पहारा
वजनकाट्याजवळचे कार्यालय पक्के आहे, परंतु रात्री त्याला कुलूप असते. शिवाय खांबाजवळची नोंद चुकली, तर पगार कापतात.

सावध_पाऊल
मग अडचण हवामानाची कमी आणि किल्लीची व नोंदीची अधिक आहे. आज पाळी सुरू होण्यापूर्वीच वरिष्ठांना लेखी विचारावे : किल्ली रात्री आपल्याकडे राहील का, आणि वादळात थांबवलेली फेरी नोंदवहीत वेळेसह लिहिली, तर ती गैरहजेरी धरली जाणार नाही ना? रात्री दोन वाजता एकट्या माणसाने नोकरी आणि जीव यांतून निवड करावी, ही अपेक्षाच गैर आहे.

ढगवेडा
एक भर घालतो. सहकाऱ्यावर वीज पडल्यास त्याच्या अंगात विद्युतभार उरत नाही, त्याला हात लावता येतो. श्वास थांबला असेल, तर मदत बोलावून लगेच छातीवर मिनिटाला 100 ते 120 दाब द्यावेत.

एकटा_पहारा
वरिष्ठांना संदेश पाठवला. किल्ली पहारेकऱ्याकडे ठेवण्यास त्यांनी होकार दिला आहे. पगाराबाबत ‘उद्या बोलू’ असे उत्तर आले. नोंदवहीत शेवटच्या गडगडाटाची वेळ लिहावी की फेरी पुन्हा सुरू केल्याची?

सावध_पाऊल
दोन्ही लिहाव्यात, आणि मधले अंतर 30 मिनिटांपेक्षा कमी नसावे.