चार गोधड्या अर्धवट आहेत, कामाचा क्रम कसा लावावा?

सुती_दोरा

घरात चार कामं एकदम चालू आहेत आणि चारही वेगवेगळ्या टप्प्यावर अडकली आहेत. नेमकं काय झालंय ते लिहिते, म्हणजे सांगणाऱ्यांना सोपं जाईल.

पहिली, बाळाची गोधडी, ३० × ४० इंच. जुन्या मऊ सुती साड्यांचे तीन थर आहेत, कडेने आणि मधून एकदा कच्चे टाके घातलेत, हाताने धावदोरा चालू आहे. एक तृतीयांश झाली आणि पाठीमागे चुण्या दिसायला लागल्या.

दुसरी मोठी, ६० × ९०. दोन सुती नऊवारी काढून ठेवल्यात, कात्री लावलेली नाही. चार थर हवेत, पुरतील का?

तिसरं पॅचवर्क. नऊ तुकड्यांची एक चौकट, तुकडा साडेचार इंचाचा कापलेला. म्हणजे जोडलेली चौकट साडेबारा भरायला हवी. एकूण ३५ हव्यात, २२ झाल्या. पण काही साडेबारा आहेत आणि काही सव्वाबारा.

चौथं ४५ × ६० चं पांघरूण. सगळं शिवून झालंय, फक्त गोट (कडेची पट्टी) राहिलाय. कापड किती आणावं?

मशीन साधी, पायाची. जमिनीवर पसरायचं तर पलंग सरकवावा लागतो, ते रविवारीच जमतं. एरवी रोज संध्याकाळी पाऊण तास मिळतो. कुठून सुरुवात करू?

वाकळवाली

चार गोधड्या असा हिशेब करूच नका. तुमच्यापुढे तीन प्रकारच्या बैठकी आहेत: जमिनीवरची, मशीनवरची आणि मांडीवरची. काम अडतं ते बहुतेक वेळा यामुळे, की संध्याकाळी पाऊण तास हाताशी असतो आणि पुढची पायरी मात्र जमिनीवर पसरण्याची असते. मग त्या दिवशी काहीच होत नाही. म्हणून प्रत्येक गोधडीची पुढची पायरी कुठल्या बैठकीची आहे ते आधी लिहून काढा.

जमिनीचं काम फक्त मोठीचं आहे: कापणं, थर लावणं, कच्चे टाके. पलंग सरकवलाच आहे तर बाळाच्या गोधडीचे कच्चे टाकेही त्याच दिवशी नव्याने घाला, कारण चुण्यांचं मूळ तिथेच आहे (खाली सांगते).

मशीनचं काम दोघांचं. आधी चौथ्याच्या गोटाच्या पट्ट्या जोडून पुढच्या बाजूने लावून टाका, ते एका बैठकीत होतं. मग मशीनवर फक्त चौकटी ठेवा. उरलेल्या १३ चौकटी एकेक करून पूर्ण करत बसू नका. प्रत्येकीत तीन ओळी, म्हणजे एकूण ३९. पहिल्या संध्याकाळी ३९ जोड्या शिवा, मधला दोरा न तोडता एकामागून एक घालत जा, शेवटी माळ कापा. दुसऱ्या संध्याकाळी त्या ३९ जोड्यांना तिसरा तुकडा. तिसऱ्या संध्याकाळी ओळी एकमेकींना जोडायच्या, त्या २६ शिवणी. दोरा वाचतो, आणि दर शिवणीला मशीन थांबवून तुकडा शोधण्यात जो वेळ जातो तो पूर्ण वाचतो. तुकडे आदल्या दिवशी चौकटीच्या क्रमाने रचून ठेवा.

मांडीवरचं काम मात्र एका वेळी एकच उघडं असावं. आधी चौथ्याच्या गोटाची मागची तुरपाई, मग बाळाची, मग मोठी. लहान काम पुरं झालं की मोठीला सलग वेळ मिळतो.

गोटाचा हिशेब: ४५ + ४५ + ६० + ६० = २१० इंच, कोपरे आणि शेवटचा सांधा यासाठी १२ जास्त, म्हणजे २२२. पट्टी अडीच इंच रुंद, दुहेरी घडीची. ४४ पन्ह्याच्या कापडात कड सोडून ४२ धरा. पट्ट्या तिरक्या जोडल्या की दर सांध्याला अडीच इंच जातात. सहा पट्ट्यांचे २५२, त्यातून पाच सांध्यांचे साडेबारा गेले तरी साधारण २३९ उरतात. सहा पट्ट्या म्हणजे १५ इंच कापड, तेव्हा अर्धा मीटर आणा. बाजू सरळ असल्या तर उरेब (तिरक्या कापलेल्या) पट्टीची गरज नाही, उगाच कापड जास्त जातं. कोपरे गोल असतील तरच उरेब.

आता चुण्या. कडेने एक आणि मधून एक टाका पुरत नाही. थर दोन ओळींच्या मधे सरकतात आणि तुम्ही जसजसा दोरा घालता तसतसं मोकळं कापड पुढे ढकललं जातं. ते कुठेतरी चुणी होऊनच थांबतं. दर चार इंचांवर उभे आणि आडवे कच्चे टाके हवेत, मध्यापासून कडेकडे. जिथे चुणी आली आहे तेवढाच भाग उसवा, सगळं नको. उसवून पाण्याचा हात लावा, हलकी इस्त्री फिरवा, मग तळहाताने मध्यातून बाहेर सपाट करत टाके घाला.

दुसरं कारण दोरा ओढण्याचं. सुईवर चार-पाच टाके घेतले, दोरा ओढला, की लगेच अंगठ्याने त्या ओळीवरून कापड मागे सरकवून मोकळं करायचं. ही सवय लागली नाही तर ४० इंचांची ओळ ३९ची होते आणि शेजारची तशीच राहते.

काठपदर

नऊवारीचा प्रश्न घेतो. हातातल्या साड्या आधी मोजून बघा, सगळ्या सारख्या नसतात. लांबी साधारण ८ मीटर आणि पन्हा ४५ इंच धरून सांगतो.

एका थराला ६० इंच लांबीचे दोन तुकडे लागतात. ते पन्ह्याच्या बाजूने शेजारी लावले की ६० × ९० होतं. म्हणजे एका थराला १२० इंच, सुमारे ३ मीटर ५ सेंमी. एका नऊवारीत दोन थर निघून १ मीटर ९० सेंमीच्या आसपास उरतं. दोन साड्यांत चार थर आरामात बसतात.

दोन गोष्टी सांभाळा. काठ दोन्हीकडून दोन-दोन इंच काढले तर पन्हा ४१ राहतो आणि लांबी ९० ऐवजी ८२ वर येते, त्यातही शिवणीचा दाब (शिवणीबाहेर सोडलेली कड) जातो. काठ साधा सुती असेल तर ठेवा. जरीचा असेल तर काढलाच पाहिजे, जरीची तार ताठ असते, सुई अडते आणि धुण्यात तिचे धागे सुटून बोचतात. लांबीची तूट मग उरलेल्या तुकड्यातून पट्टी लावून भरून काढा.

दुसरं, चारही थरांचे सांधे मधोमध आले तर तिथे कायमचा उंचवटा होतो. वरच्या आणि खालच्या थराचा सांधा मध्यावर ठेवा. आतल्या दोन थरांत एक तुकडा अखंड मधोमध लावा आणि दुसरा उभा फाडून त्याचे दोन अर्धे भाग त्याच्या दोन्ही बाजूंना. कापड तेवढंच लागतं, सांधे मात्र मध्यापासून साडेबावीस इंच लांब जातात. आतले सांधे शिवूही नका, कडेला कड भिडवून कच्च्या टाक्याने धरा.

कापण्याआधी साडी उजेडासमोर धरून पूर्ण बघा. बसण्याच्या जागेचं आणि निऱ्यांच्या खालच्या टोकाचं कापड आधी विरतं. दोन्ही अंगठ्यांनी एक इंच अंतरावर धरून ताणा: धागे फाकले तर तो भाग आतल्या थराला, फाटला तर वापरूच नका. विरलेलं वर ठेवलं की पहिल्या-दुसऱ्या धुण्यात ठिगळ लावायची वेळ येते.

रंगाची परीक्षाही कापण्याआधीच. ओला पांढरा रुमाल साडीवर ठेवून गरम इस्त्री दाबा. लाल, मरून आणि गडद निळ्यावर हमखास करा. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्याने आजचे रंग पक्के होत नाहीत, त्यावर विसंबू नका. रुमालावर रंग उतरला तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत वेगळं धुवा, तरी थांबला नाही तर ती साडी पांढऱ्यासोबत घेऊ नका.

सुती_दोरा

वाकळवाली, काठपदर, दोघांचेही आभार. नऊवारीच्या सांध्यांचं डोक्यातच नव्हतं. गोटाचं कापड उद्याच आणते. मोठीला धावदोऱ्याचा दोरा किती लागेल आणि सुई कुठली घेऊ? आणि चौकटींमधली ती पाव इंचाची तफावत? सगळ्या उसवायच्या का?

पाव_इंच

उसवू नका. तफावत कुठून येते ते बघा: एका चौकटीत आडव्या दिशेला दोन शिवणी असतात. दाब पाव इंचाऐवजी अर्धा सूत जास्त गेला, म्हणजे एक इंचाचा सोळावा भाग, तर एका शिवणीत दोन्ही तुकड्यांचं मिळून एक सूत जातं. दोन शिवणींत दोन सूत, म्हणजे बरोबर पाव इंच. तुमच्या सव्वाबाराच्या चौकटी अशाच झाल्या असणार.

आलेखाचा कागद घ्या, तो एका छापील रेषेवर कापा, त्या कडेपासून पाव इंचावर सुई उतरवा आणि मशीनचा कापड दाबणारा पाय खाली टाका. कागदाची कड जिथे येते तिथे मशीनच्या पत्र्यावर मास्किंग टेपचे चार-पाच थर एकावर एक चिकटवा. कापड त्या भिंतीला टेकवून चालवायचं. पाव इंचापेक्षा एक धागा कमी दाब घेऊन शिवलं तर आणखी बरं, कारण दाब एका बाजूला मोडताना थोडं कापड घडीतही जातं. मग एकच चौकट शिवून, इस्त्री करून मोजा. साडेबारा आली की बाकीच्या घ्या.

इस्त्री दाबून उचलायची, घासायची नाही. घासली की तुकडे तिरके ताणले जातात आणि चौकट चौकोनी राहत नाही. एका ओळीचे दाब डावीकडे, पुढच्या ओळीचे उजवीकडे मोडले तर सांधे एकमेकांत नीट बसतात.

झालेल्या २२ मधे सव्वाबाराच्या थोड्या असतील तर मोठ्या चौकटीशी जोडताना दोन्ही टोकं आणि मध्य टाचण्यांनी धरा आणि मोठी खाली ठेवा. मशीनचे दात खालचं कापड पुढे ओढतात, जास्तीचं तिथे जिरून जातं. पाव इंच सहज जिरत नाही, एक सूत मात्र जिरतं. म्हणून सव्वाबाराच्या जास्त निघाल्या तर सगळ्याच सव्वाबारावर छाटा, प्रत्येक बाजूने एक सूत. साध्या नऊ तुकड्यांच्या नक्षीत ते डोळ्याला कळत नाही.

नंतर तिन्ही थर मशीनवर शिवणार असाल तर सुई १६ नंबर, टाका इंचाला आठ, आणि पायाच्या दांड्यावरचा दाबाचा स्क्रू थोडा सैल. घट्ट असेल तर वरचं कापड पायापुढे गोळा होतं. तुकडे जोडायला १४ची सुई आणि इंचाला दहा-बारा टाके.

वाकळवाली

दोऱ्याचा हिशेब सोपा आहे. ९० इंच लांब ओळी, एकेक इंच अंतरावर, म्हणजे कडा सोडून ५९ ओळी. ५९ × ९० = ५३१० इंच, सुमारे १३५ मीटर शिवण. थरांतून वरखाली जाण्यात आणि टोकांना जो दोरा जातो तो धरून १८० ते २०० मीटर आणा, एकाच वेळी, एकाच छटेचा. ओळी अर्ध्या इंचावर घेतल्या तर सगळं दुप्पट, वेळही. चार थरांना एक इंच पुरतं. बाळाच्या गोधडीला मात्र अर्धा इंच घ्या, ती रोज धुतली जाते.

दोरा सुतीच. पॉलिएस्टरचा दोरा तुटत नाही, पण जुनी साडी त्याच्या टाक्यापाशी कापली जाते. एका वेळी दीड फूटच घ्या. लांब घेतला की कापडातून घासून घासून विरतो आणि पीळ पडून गाठी होतात. रिळावरून जे टोक कापलं त्यालाच गाठ मारा, मेणावरून एकदा ओढा. गाठ झटका देऊन थरांच्या आत घ्या, बाळाच्या गोधडीत एकही गाठ बाहेर नको.

हातसुई ७ किंवा ८ नंबर. हातसुईचा नंबर वाढला की सुई बारीक, मशीनच्या सुईचं उलट. चार थरांत इंचाला तीन-चार सारखे टाके चांगले. अधिक बारीक घ्यायला गेलात तर खालच्या थरात सुई पोचत नाही आणि मागे टाके सुटलेले दिसतात. मधल्या बोटाला अंगुस्तान हवंच.

हल्याळकर

मोठीचे थर लावायला जागा कमी पडत असेल तर उत्तर कन्नडातल्या सिद्दी बायकांची कवंदीची (तुकड्यांच्या गोधडीची) पद्धत बघा. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात ती अजून हाताने होते. वरचा थर आधी तयारच करत नाहीत. खाली एक अखंड साडी, कोपऱ्यापासून सुरुवात, तुकड्याची कड आत दुमडून लगेच धावदोरा, पुढचा तुकडा त्याच्यावर थोडा चढवून पुन्हा धावदोरा, असं कडेने फिरत मध्यात येतात. कच्चे टाके लागत नाहीत, कारण ढकललं गेलेलं कापड पुढच्या तुकड्याखाली सामावतं. पलंगही हलवावा लागत नाही, सगळं मांडीवर होतं.

पण एक लक्षात ठेवा: हे फक्त तुकडे लावत गेलं तरच चालतं. तुमच्यासारखे अखंड थर आधी लावले असतील आणि कडेकडून आत शिवत आलात, तर सगळा फुगवटा मध्यात जमेल. अखंड थरांना मध्यापासून बाहेर, हाच नियम. मोठीतून उरलेलं दोन साड्यांचं कापड मिळून पावणेचार मीटर होतंय, त्याची कवंदी करता येईल. मात्र ती पाचवी आत्ता सुरू करू नका.

काठपदर

ठेवण्याबद्दल राहिलं. प्रत्येक काम वेगळ्या जुन्या उशीच्या अभ्र्यात ठेवा, आत एक चिठ्ठी: दोऱ्याचा शेड नंबर, सुईचा नंबर, पुढची पायरी आणि ती कुठल्या बैठकीची. चौकटींच्या अभ्र्यात टेपची जागा कळावी म्हणून तो आलेखाचा कागदही राहू द्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नका, पावसाळ्यात आत दमट होऊन काळे ठिपके पडतात. ते सुती कापडावरून सहजी जात नाहीत.

कच्चे टाके झालेली मोठी गोधडी घडी घालून ठेवली तर घडीवर थर सरकतात. कापडाच्या दुकानात पुठ्ठ्याची नळी मिळते, तिच्यावर सैल गुंडाळा आणि शिवताना लागेल तेवढीच उलगडा. टाचण्या किंवा सेफ्टी पिना लावून ठेवायच्या असतील तर स्टेनलेसच्याच, आणि जूनच्या आत काढून घ्या. कोकणात किंवा मुंबईत दमट हवेत साध्या पिनांचे गंजाचे डाग उमटतात. डांबराच्या गोळ्या बाळाच्या गोधडीजवळ नकोत, वाळवलेला कडुलिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून ठेवा.