ढग असतील तर ट्रुमेलबाख

स्वित्झर्लंडच्या सहलीवरच्या या चर्चेत वर कुणी लिहिलंय, 'युंगफ्राऊयोख केलं नाही तर इंटरलाकेनला जाऊन उपयोग काय'. युंगफ्राऊयोख म्हणजे रेल्वेने गाठता येणारी उंच बर्फाळ खिंड. हे मत अर्धंच पटलं. आभाळ मोकळं असेल तर ३४५४ मीटरवरून दिसणाऱ्या आलेच हिमनदीला तोड नाही. पण सकाळी तिथल्या वेबकॅमवर नुसतं पांढरं दिसत असेल तर तेवढे फ्रँक घालून धुकं बघायला कशाला जायचं? (वर भारतीय जेवण मिळतं, हे मान्य!)

अशा दिवसासाठी इंटरलाकेनजवळच्या लाउटरब्रुनेन खोऱ्यातला ट्रुमेलबाख धबधबा इथे कुणीच कसा सुचवला नाही? आयगर, म्योंख आणि युंगफ्राऊ या शिखरांवरच्या हिमनद्यांचं पाणी तिथे डोंगराच्या पोटातून दहा टप्प्यांत कोसळतं, जोरात असताना सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत. खडकातल्या लिफ्टने वर जायचं आणि पायऱ्यांनी उतरत यायचं. कातळ थरथरतो, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तुषारांनी चष्मा भिजतो. पायऱ्या ओल्या असतात, त्यामुळे चपला नकोत, आणि जून-जुलैतही जॅकेट हवंच. चार वर्षांखालच्या मुलांना आत सोडत नाहीत. हिवाळ्यात बंद असतो, तेव्हा डिसेंबरमध्ये जाणाऱ्यांनी यादीत धरू नये. लाउटरब्रुनेन स्टेशनसमोरून श्टेखेलबर्गची बस थेट दारात सोडते.