मुंबईत 'लाईन' एकटीच उरली. रांग, ओळ, रेघ, पंगत कुठे गेल्या?

निळी_शाई
मुंबईत 'लाईन' हा शब्द आपण कशाकशाला लावतो बघा. सेंट्रलची लाईन, तिकिटाची लाईन, पाण्याची लाईन फुटली, गॅसची लाईन आली, फोनची लाईन लागत नाही, मुलगा कुठल्या लाईनीला आहे, कवितेची शेवटची लाईन, वहीत लाईन मार, त्याला जरा लाईनीवर आण. कॉलेजच्या कट्ट्यावरची लाईन आणखी वेगळी.

गाडीच्या आणि गॅसच्या लाईनीबद्दल माझी तक्रार नाही. वस्तू बाहेरून आली, नाव घेऊन आली. तक्रार आहे ती जिथे आपल्याकडे वेगवेगळे नेमके शब्द होते तिथली. माणसं रांगेत उभी राहतात, पंगतीत बसतात. अक्षरं ओळीत असतात. रेघ हाताने ओढायची, रेषा भूमितीत. लढायला फळी, कपडे वाळत घालायला वलणी. यातला कुठलाही शब्द उच्चारला की काय मांडलंय, कसं मांडलंय ते ऐकणाऱ्याला लगेच कळतं. मी मराठी शिकवते. मुलांच्या निबंधांत आता मुंग्यांची लाईन, दिव्यांची लाईन आणि लग्नात जेवायला बसलेल्यांचीही लाईनच येते. मुलांचा दोष नाही, घरीदारी त्यांच्या कानावर दुसरं काही पडतच नाही. पण हे नुकसान आहे आणि ते मोठं आहे असं मला मनापासून वाटतं.

विरार_फास्ट
ताई, सपशेल असहमत. एका शब्दाला पुष्कळ अर्थ असणं हे भाषेच्या गरिबीचं लक्षण नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत 'सेट' या क्रियापदाचे ४३० अर्थ होते. पुढे सुधारित आवृत्तीसाठी 'रन'चं काम झालं तेव्हा त्या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. इंग्रजी काही त्यापायी बुडाली नाही. रोजच्या वापरातले छोटे शब्दच असे फुगतात, कारण त्यांच्यावाचून कोणाचं पान हलत नाही.

आणि आपलं 'लागणे' घ्या. भूक लागते, ठेच लागते, झोप लागते, आग लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, शोध लागतो, वेळ लागतो, घाटात गाडी लागते, झाडाला आंबे लागतात, आणि 'तो तुझा कोण लागतो?' हेही आहेच. यावर कोणी गळा काढल्याचं ऐकलं नाही. मग 'लाईन'नेच काय घोडं मारलंय?

निळी_शाई
'लागणे'चं उदाहरण चांगलं आहे, पण ते माझ्याच बाजूचं आहे. 'लागणे'ने दुसऱ्या कोणाला घराबाहेर काढलं नाही. 'शोध लागला' म्हणतो तसं 'सापडलं'ही म्हणतो.

इंग्रजीत 'लाईन' एकटी नाही. तिच्या आजूबाजूला रो आहे, रँक आहे, फाइल आहे, ट्रॅक आहे, स्ट्रिंग आहे. माणसांच्या रांगेला इंग्लंडात क्यू म्हणतात, त्या अर्थी 'लाईन' म्हणणं अमेरिकेतलं. म्हणजे त्यांच्याकडेही निवड आहे. आपल्याकडे आली ती एकटी 'लाईन', आणि तिने आपल्या इथल्या सगळ्यांची जागा घेतली. अर्थ वाढायला माझी ना नाही. पर्याय कमी होताहेत, त्याला आहे.

गुण्या_पाणसळ
बांधकामात आयुष्य गेलं, म्हणून इथे बोलतो. वीटकामाला आम्ही 'लाईनदोरी' बांधतो. भिंतीच्या दोन टोकांना आधी विटा रचून घ्यायच्या, त्यांच्यामध्ये दोरी ताणायची, आणि मधला थर त्या दोरीला धरून आणायचा. वीट दोरीला टेकता कामा नये, केसभर जागा राहिली पाहिजे. टेकली की दोरी बाहेर ढकलली जाते आणि पुढचा अख्खा थर पोटात येतो. थर झाला की दोरी वर घ्यायची. उभं बघायला ओळंबा, आडवं बघायला पाणसळ, काटकोनाला गुण्या.

आता मजेची गोष्ट. लॅटिनमध्ये 'लिनेआ' म्हणजे जवसाच्या धाग्याची दोरी. इंग्रजी लाईन तिथूनच आली, लिनन कापड त्याच घरातलं. म्हणजे लाईन मुळात दोरीच आहे. आमच्या गवंड्याने 'लाईनदोरी' म्हणताना दोन्ही भाषांतली दोरी एकत्र बांधली, आणि दोरी टाकूनही दिली नाही. निळी_शाई ताई, हे तुम्हाला नुकसान वाटतं का? मला तर हे भाषेचं चांगलं काम वाटतं.

ओळंबा मात्र जातोय, हे खरं. साइटवर बरेचसे कारागीर उत्तरेतले, ते साहुल म्हणतात. पोरगा मराठी असला तरी साहुलच म्हणतो. तिथे इंग्रजीचा काही संबंध नाही.

निळी_शाई
दादा, लाईनदोरी मला माहीत नव्हती आणि फार आवडली. जिथे दोन्ही शब्द नांदतात तिथे माझं भांडण नाही. ओळंब्याचं लिहिलंत ते वर्गात नक्की सांगेन.

मधली_फळी
क्रिकेटचं कोणीच काढलं नाही? शिवाजी पार्कात पोरांना सांगताना आम्ही 'लाईन धर' असंच ओरडतो. पेपरात मात्र 'अचूक दिशा आणि टप्पा' येतं. टप्पा फर्मास शब्द आहे, लेंग्थपेक्षा बरा, कारण चेंडू पडतानाच डोळ्यांसमोर येतो. पण 'दिशा' तिथे बसत नाही. लाईन म्हणजे चेंडू मधल्या यष्टीवर येतोय, उजवीवर, की तिच्याही बाहेर चार बोटं. आहे तो फरक बोटांचा, आणि दिशा म्हटलं की वाटतं पूर्व की पश्चिम. जिथे मराठी शब्द सैल पडतो तिथे 'लाईन' घ्यावी, लाज वाटायचं कारण नाही. आणि 'फळी' कुठे गेली म्हणता, ती खेळाच्या पानावर ठणठणीत आहे. माझं इथलं नाव बघा.

गिरगाव_कोपरा
एक अर्थ सगळ्यांनी सोडला. मरीन लाईन्समधल्या 'लाईन्स' रुळांच्या नाहीत. मरीन बटालियनच्या बराकी तिथे होत्या, आणि लष्करी इंग्रजीत बराकींच्या किंवा तंबूंच्या रांगांना 'लाईन्स' म्हणत. नागपूरची सिव्हिल लाईन्स त्याच घराण्यातली, आणि आपली पोलीस लाईनसुद्धा. पोलीस लाईनीत वाढलेल्या माणसाला 'पोलीस वसाहत' म्हणून बघा, त्याला ते सरकारी कागदावरचं वाटेल. एकाला एक लागून खोल्या, समोर सामाईक व्हरांडा, हे सगळं त्याच्या 'लाईन'मध्ये आहे. तो अर्थ ना रांगेत येतो ना वसाहतीत.

विरार_फास्ट
नेमकं! आणि ठरवून केलेल्या पर्यायांचं काय होतं तेही बघा. आरे ते कफ परेड मेट्रो ही 'मार्गिका ३'. ठाणे-दिवा दरम्यान २०२२ मध्ये सुरू झालेले जादा रूळ म्हणजे 'पाचवी-सहावी मार्गिका'. आणि द्रुतगती महामार्गावर अपघात झाला की 'एक मार्गिका बंद'. म्हणजे मेट्रोची अख्खी वाट, रेल्वेचे रूळ आणि रस्त्यावरचा एक पट्टा, तिघींना एकच नाव. 'लाईन'वर जो आरोप आहे तोच मार्गिकेवर लागू होतो, फक्त मार्गिका कोणी बोलत नाही.

निळी_शाई
मार्गिका माझ्या यादीत नाहीच. मी नवे शब्द पाडायला सांगतच नाहीये. आहेत ते वापरा म्हणतेय. रांग, ओळ, रेघ हे काही कोशातून उकरून काढायचे शब्द नाहीत. संस्कृत 'आवली' म्हणजे ओळ. ती दीपावलीत आहे, म्हणजे दिवाळीत आहे. रंगावलीची रांगोळी झाली. वंशावळ, नामावली, प्रश्नावली, नियमावली, सगळीकडे ती आहे. काळ्या दगडावरची रेघ आपण अजून म्हणतो, तिथे कोणी लाईन म्हणून बघा! इतका जिवंत पसारा घरात असताना मुलं 'दिव्यांची लाईन' लिहितात तेव्हा दिवाळी या शब्दाचं तोंडच बंद होतं. त्यात नेमकं तेच सांगितलेलं आहे.

लालबाग_९४
मी शांतपणे एक वेगळी गोष्ट मांडतो. तुम्ही 'पंगत' गेली म्हणून हळहळताय. आमच्या आजोबांच्या गावी पंगत म्हणजे कोण कोणाबरोबर बसणार नाही याचा हिशोब होता. आमच्या घरच्यांना शेवटी आणि लांब बसवत. वाढण्यात दुजाभाव करण्याला मराठीत स्वतंत्र शब्द आहे, पंक्तिप्रपंच. मुंबईत गिरणीत आले, तिकिटाच्या खिडकीपाशी उभे राहिले, तेव्हा पुढचा कोण आणि मागचा कोण हे फक्त आधी कोण आलं त्यावर ठरलं. त्या उभं राहण्याला ते लाईन म्हणायचे. त्या शब्दाला गावाचा वास नव्हता. आमच्यासाठी ही लहान गोष्ट नाही. प्रत्येक शब्द जपायलाच हवा असं मला वाटत नाही.

निळी_शाई
तुमचं म्हणणं मी पूर्ण मानते, आणि ते टाळून पुढे जाणार नाही. पण म्हणूनच पंक्तिप्रपंच हा शब्द मुलांना कळायला हवा असं मी म्हणेन. ज्याला पंगत माहीत नाही त्याला तो अन्याय कुठल्या शब्दात सांगायचा? 'लाईनीत भेदभाव' म्हटलं तर कोणीतरी मधे घुसला एवढंच कळेल. पानं मांडलेली, वाढणारा पुढे येतोय आणि आपल्या पानापाशी त्याचा हात आखडतो, हे 'पंगत'शिवाय दिसत नाही. आणि समान वागणुकीसाठी 'रांग' चालली असती ना?

लालबाग_९४
चालली असती, पण घरात रांग कोणी म्हणत नव्हतं. खरं सांगायचं तर रोजच्या बोलण्यात लाईनही कमीच. आई म्हणायची, 'नंबर लावून ये.' रेशनला नंबर, रॉकेलला नंबर, चाळीच्या नळावर नंबर. पहाटे नळावर हंडे-कळश्या एकामागे एक ठेवायच्या आणि घरी येऊन स्टोव्ह पेटवायचा. भांडं तिथे असलं की माणूस नसला तरी त्याचा नंबर असायचा, आणि कोणी कळशी सरकवली की मजल्यावर भांडण. रांगेत किंवा लाईनीत माणूस स्वतः उभा असावा लागतो, नंबराला नाही. हाही इंग्रजीच शब्द, ताई, आणि त्या अर्थाने तो चाळीतच घडला. याला तुमच्याकडे मराठी शब्द असेल तर सांगा, मी तो आनंदाने वापरेन.