म्हाताऱ्या कुत्र्याला इंजेक्शन द्यावं की त्याचा तो जाईपर्यंत थांबावं?

कर्वेनगरकर:
आमचा बंड्या, लॅब्रेडोर, १४ वर्षांचा. किडन्या गेल्यात, क्रिएटिनिन वाढतच चाललंय, रोज घरी कातडीखाली सलाईन देतोय तरी तोंडात अल्सर झालेत. तहान लागते म्हणून उठतो, पाण्याच्या भांड्यावर मान धरून नुसता उभा राहतो, तोंडाला लाळ सुटते आणि न पिताच मागे फिरतो. मागच्या पायात जोर नाही, आणि संधिवातावरची नेहमीची पेनकिलर किडनीमुळे देता येत नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आता झोपवायचा विचार करा.

घरात दोन तट पडलेत. आई म्हणते जीव आपण दिला नाही तर घेणारे आपण कोण, त्याचा तो जाईल. मला हे अजिबात पटत नाही. किडनीचा आजार झोपेत अलगद नेतो असं क्वचितच होतं, मळमळ, उलट्या, कधी फिट्स, हे दिवसच्या दिवस चालतं आणि ते सगळं त्याने सोसायचं कशासाठी तर आपल्यावर निर्णय घ्यायची वेळ येऊ नये म्हणून? ज्यांना आईचं बरोबर वाटतं त्यांनीही मोकळेपणाने लिहा.

सदाशिवपेठी काका:
ताई, मला आईंचंच बरोबर वाटतं. आमच्याकडे लहानपणापासून कुत्री आहेत, प्रत्येकाचं शेवटचं दुखणं घरातल्यांनी काढलं, चमच्याने पाणी पाजलं, खालची चादर बदलली, कूस बदलून दिली. युधिष्ठिराने स्वर्गाच्या दारातसुद्धा कुत्र्याची साथ सोडली नाही, हे आपण पोरांना सांगतो ना? घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आपण असं करत नाही, मग मुक्या जिवाला का? त्याला तर नको म्हणताही येत नाही.

कर्वेनगरकर:
काका, साथ सोडायची गोष्ट मी करतच नाहीये, त्याचं डोकं माझ्या मांडीवरच असणार आहे. आणि माणसाला निदान कळतं की हे दुखणं कशाचं आहे, औषध कशासाठी आहे. बंड्याला फक्त आत्ताचा क्षण कळतो आणि तो क्षण दुखतोय. त्याला नको म्हणता येत नाही तसं ‘आता पुरे’ पण म्हणता येत नाही, ते आपणच ओळखायचं ना.

वेताळटेकडी_वॉकर:
मी काकांच्या बाजूने, पण कारण वेगळं आहे. लोक फार घाई करतात! आमची मादी मागच्या पायाने बसली तेव्हा एका डॉक्टरांनी हेच सुचवलं होतं, आम्ही दुसरीकडे दाखवलं तर किडनी लिव्हर सगळं ठीक, नुसता संधिवात. वजन उतरवलं, गॅबापेंटिन हे दुखण्यावरचं औषध सुरू केलं, गुळगुळीत टाइल्सवर पाय सरकत होते म्हणून हॉलभर योगा मॅट अंथरल्या, आणि ती पुढे बरेच महिने टेकडीच्या पायथ्यापर्यंत हळूहळू येत होती. थांबलो नसतो तर ते दिवस तिला मिळालेच नसते. रात्री तीनदा उठावं लागतं, सोफा ओला होतो, याला माणसं कंटाळतात आणि मग ‘त्याचे हाल बघवत नाहीत’ म्हणतात. हाल नेमके कोणाचे ते आधी तपासा. आणि दुखतंय म्हणून कोणी घरातली क्रोसिन, ब्रुफेन देऊ नका, कुत्र्यांना घातक ठरू शकतं.

कर्वेनगरकर:
सेकंड ओपिनियनचं शंभर टक्के मान्य, आम्ही घेतलंय, दोघांचं मत एकच आलं. अमेरिकेतल्या व्हेट डॉ. विलालोबोस यांची, आजारी जनावराचं जगणं कितपत सुसह्य आहे ते मोजायची एक पट्टी आहे तीही भरून पाहिली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा ७ गोष्टींना प्रत्येकी १० पैकी मार्क, ३५ च्या वर असेल तर सांभाळत राहायला हरकत नाही. घरात प्रत्येकाने वेगळी भरली आणि आईची बेरीजसुद्धा ३५ च्या खाली आली. तरी ती म्हणते शेपूट हलवतोय ना अजून. पण कुत्री दुखणं लपवतात हो, माणूस दिसलं की मरायला टेकलेलं कुत्रंही शेपूट हलवतं.

क्लिनिकवाली (व्हेटकडे असिस्टंट आहे):
प्रक्रिया नीट माहीत नसते म्हणून भीती जास्त वाटते. आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, तो गाढ झोपला की पुढच्या पायाच्या शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस. शुद्ध आधी जाते, मग श्वास, मग हृदय, बहुतेक वेळा काही मिनिटांत. डोळे उघडेच राहतात, नंतर एखादा श्वास घेतल्यासारखं होतं, लघवी होते, ते दुखण्याचं लक्षण नाही, घरच्यांना आधीच सांगून ठेवा. शक्य असेल तर डॉक्टरांना घरीच बोलवा. आणि कृपा करून त्याला आमच्या हातात देऊन बाहेर जाऊन बसू नका, ती सारखी दाराकडे बघत राहतात.

सदाशिवपेठी काका:
आधी पूर्ण झोपवतात हे मला ठाऊक नव्हतं, त्यामुळे यातनेबद्दलची माझी शंका गेली. पण जीव घेण्याचा हक्क आपल्याला आहे का या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही, तिथे मी आईंबरोबरच आहे.

वेताळटेकडी_वॉकर:
बंड्याची केस ऐकून मी थांबा म्हणणार नाही. माझा विरोध घाईला आहे आणि तो राहणार. एक सांगायचं राहिलं, टेकडीवर नेऊन पुरू नका. ते औषध शरीरात राहतं, वरवरचा खड्डा भटक्या कुत्र्यांनी उकरला तर त्यांच्याही जिवावर बेतेल. दहनाची सोय कुठे आहे ते आधीच फोन करून विचारून ठेवा, त्या दिवशी सुचत नाही.

कर्वेनगरकर:
विचारून ठेवते. डॉक्टर शनिवारी सकाळी घरी येणार आहेत. आईचा विरोध कायम आहे पण ती घरात थांबणार म्हणाली. धाकट्या भाचीला तेव्हा समोर बसू द्यावं का यावर अजून कोणाचंच एकमत नाही, ती ८ वर्षांची आहे. लहान मुलं असलेल्यांनी लिहा.