साठवलेल्या कापडांचे ब्लॉक करतेय, पण मापात येत नाहीत आणि सलग वेळही मिळत नाही

निळंरीळ:
नमस्कार, बरेच दिवस तुमचं सगळ्यांचं वाचतेय, लिहितेय मात्र पहिल्यांदाच, त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

माझ्याकडे कापड खूप साठलंय, दोन मोठ्या पेट्या आणि कपाटाचा खालचा कप्पा भरून. शिवून उरलेले तुकडे, लेकीचे लहानपणीचे फ्रॉक, जुन्या चादरींचा न विरलेला भाग, आणि बाबांचे सहा शर्ट. बाबा जाऊन दोन वर्षं झाली, शर्ट मी तसेच घडी करून ठेवले होते, आता वाटलं की कपाटात ठेवून काय करायचं, रोज अंगावर घेता येईल असं काहीतरी व्हावं. म्हणून गोधडी. ६० बाय ७२ इंचांची करायची असं ठरवलंय. अगदी साधा नऊ चौकोनांचा ब्लॉक, अडीच इंचाचे चौकोन कापायचे, तीन-तीनच्या तीन ओळी. हिशोबाने ब्लॉक साडेसहा इंच यायला पाहिजे म्हणजे जोडून झाल्यावर सहा राहील, आडवे १० उभे १२, एकूण १२० ब्लॉक.

१४ झालेत आणि एकही साडेसहाचा नाही. बहुतेक सव्वासहा आहेत, काही त्याच्या किंचित वर. कापताना मी अगदी जपून कापलंय, पट्टी लावून, दोनदा मोजून. तरी असं का?

आणि दुसरी अडचण वेळेची. जेवणाचं टेबल हेच माझं शिवणाचं टेबल, दर वेळी मशीन काढायचं, कापड पसरायचं, जरा हात बसतोय तोवर कोणीतरी उठतं, धुणं वाळत घालायचं असतं, अभ्यास घ्यायचा असतो, की परत सगळं गुंडाळून ठेवा. दिवसात एकूण पाऊण तास मिळतही असेल पण तो तुकड्यातुकड्याने, आणि त्यातला अर्धा मांडामांडीत जातो. तुम्ही लोक कसं जमवता ते खरंच सांगा. सोडून द्यायची इच्छा नाहीये.

पावइंच:
कापणं बरोबर आहे तुझं, गडबड टिपेत आहे. बघ, नऊ चौकोनांच्या ब्लॉकला एका दिशेने दोन टिपा येतात, आणि प्रत्येक टिपेच्या दोन्ही बाजूंना मार्जिन, म्हणजे टीप आणि कापडाची कड यांच्यामधलं कापड, आत जातं, म्हणजे चार ठिकाणी. पाव इंच म्हणजे दोन सूत. तू प्रत्येक ठिकाणी दोनच्या जागी अडीच सूत घेत असशील तर अर्धं सूत गुणिले चार, झाले दोन सूत, म्हणजे बरोब्बर पाव इंच कमी. साडेसहाचे सव्वासहा इथेच झालेत. अर्धं सूत म्हणजे दीड मिलिमीटरच्या जेमतेम वर, डोळ्याला दिसतच नाही ते.

मशीनच्या फूटची, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पायाची, कड म्हणजे पाव इंच असं आपण धरून चालतो पण बऱ्याच मशीनवर ती जास्तच असते. तपासायचं कसं तर दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या काप, एकमेकींना जोड, इस्त्री कर आणि मधली पट्टी मोज. ती बरोबर एक इंच भरली पाहिजे. नाही भरली तर मार्जिन थोडं कमी करून परत. मग सुईखाली मोजपट्टी ठेव, सुई हाताने हळूच पाव इंचाच्या रेघेच्या किंचित आत उतरव, आणि मोजपट्टीच्या कडेला लागून मशीनवर चिकटपट्टीचे चार-पाच थर एकावर एक लाव, म्हणजे छोटा कट्टाच तयार होतो आणि कापड त्याला घासत गेलं की टीप आपोआप सरळ येते. किंचित आत अशासाठी की कापड उलटवलं की घडीतसुद्धा एखाद-दोन धागे जाडी जाते.

इस्त्री कशी करतेस? पुढेमागे घासत असशील तर तेही बंद कर. इस्त्री ठेवायची, उचलायची, पुढे ठेवायची. घासली की सुती कापड ताणतं, आणि उरेब, म्हणजे तिरकं, कापलेलं असेल तर विचारूच नको. आधी टीप मिटलेली असतानाच वरून एकदा इस्त्री दाबायची, मग उघडायची, मार्जिन गडद कापडाकडे वळवायचं. ओळी जोडताना पहिल्या ओळीचं मार्जिन डावीकडे, दुसरीचं उजवीकडे, तिसरीचं परत डावीकडे असं ठेवलंस तर दोन ओळी समोरासमोर धरल्यावर सांधे एकमेकांत बसतात. बोटाला कळतं ते, अंगठ्याने जरा सरकवलं की एका जागी अडतं, तिथे टाचणी मारायची. कोपरे जुळायला याच्याइतका खात्रीचा उपाय मला सापडला नाही.

तुकडेजोड:
टिपेचं वर सांगितलंच आहे, मी वेळेचं सांगते कारण माझ्याकडे दोन लहान मुलं आणि आजारी सासूबाई असताना मी एक पूर्ण गोधडी उभी केलीय, नऊ महिने लागले, पण झाली.

माझ्या मते चूक अशी होते की आपण एका बैठकीत एक ब्लॉक पूर्ण करायला बघतो. कापा, जोडा, इस्त्री करा, परत जोडा. मग पंधरा मिनिटांत काहीच होत नाही आणि मन खट्टू होतं. ते सोड. एका दिवशी नुसतं कापायचं, मशीन काढायचंच नाही. दुसऱ्या दिवशी नुसत्या जोड्या शिवायच्या. दोन चौकोन सुलटबाजू आत ठेवून मशीनमधून काढले की दोरा न कापता लगेच पुढची जोडी लावायची, मग पुढची, तोरणासारखी माळ होत जाते. वीस मिनिटांत तीस-चाळीस जोड्या सहज निघतात आणि दोराही वाचतो. माळ तशीच डब्यात टाकायची. इस्त्री कपड्यांची करायची असेल त्याच दिवशी, इस्त्री तापलेलीच असते, आधी ह्या जोड्या मग शर्ट.

आणि मांडामांडी कमी करायची तर एक उथळ ट्रे घे, झाकण असलेला असेल तर फारच छान. त्यात एका वेळेला फक्त चार ब्लॉकचं सामान, कापलेले चौकोन ओळीने लावून, कात्री, टाचण्या, भरलेल्या दोन बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रिळं. बॉबिन आधीच भरून ठेवायच्या हे मी कळकळीने सांगतेय, कारण मिळालेली दहा मिनिटं बॉबिन भरण्यात गेली की फार जीवावर येतं. टेबल रिकामं करायची वेळ आली की ट्रे उचलून कपाटावर, बस. उघडला की कालचं जिथल्या तिथे.

अजून एक. दुसरं काहीही शिवत असशील, उशीचा अभ्रा, उसवलेली शिवण, तरी मशीनजवळ चौकोनांच्या जोड्या असू देत. टीप संपली की दोरा ओढून कापण्याऐवजी एक जोडी शिवून टाकायची आणि मग मागचं कापायचं. महिन्याभरात नुसत्या अशा जोड्यांचा ढीग होतो, वेगळा वेळ न काढता.

कापड मात्र सगळं एकदाच कापून टाक. अडीच इंचाचे चौकोन, दीड इंचाच्या पट्ट्या, पाच इंचाचे चौकोन असे तीन डबे कर आणि पेट्या रिकाम्या कर.

चौकडी:
बाकी सगळं पटलं पण सगळं एकदाच कापून टाक ह्याला माझा विरोध आहे. छोट्या चिंध्यांचं ठीक, त्यांचं दुसरं काही होणारच नसतं. पण मोठी फुलं, मोठी नक्षी असलेलं कापड अडीच इंचात कापलं की नक्षी मरते, कुठे नुसती पाकळी कुठे नुसता देठ. आणि बाबांचे शर्ट तर अजिबात एकदम कापू नकोस. एकदा चौकोन केले की परत शर्ट होत नाही. आधी एकच घे, जो तुला त्यातल्या त्यात कमी जवळचा असेल तो.

शर्ट उसवताना कॉलर, कफ, बटणपट्टी वेगळी काढ. सगळ्यात मोठं सलग कापड पाठीचं मिळतं, मग पुढचे दोन भाग, मग बाह्या. प्रत्येक भाग खिडकीसमोर धरून बघ, काखेजवळ आणि मानेपाशी कापड विरलेलं असतं, उजेड जास्त आरपार येतो, तेवढं सोडून दे नाहीतर वर्षभरात तिथूनच फाटेल. खूपच आवडता भाग विरलेला असेल तर मागून इस्त्रीने चिकटणारं पातळ फ्युजिंग लाव आणि मग काप. ताणलं जाणारं, टी-शर्टसारखं कापड घ्यायचं असलं तरी आधी फ्युजिंगच. चौकोन नेहमी उभ्या-आडव्या धाग्याला धरून, शर्टाच्या रेघा असतील तर त्याच दाखवतात.

आता मला खरं सांगायचंय ते रंगाबद्दल. तू लिहिलं नाहीयेस पण पेट्या भरभरून कापड असलं की सगळ्यांना वाटतं हे एकमेकांत जाईल का, निळं लाल पिवळं. रंग जुळवत बसू नकोस. फिकं आणि गडद एवढेच दोन ढीग कर. नऊ चौकोनांत पाच गडद चार फिके, पुढच्या ब्लॉकमध्ये पाच फिके चार गडद, आणि हे आलटून पालटून लावले की कुठलंही कापड कुठल्याही शेजारी शोभतं, सगळीकडे बुद्धिबळाच्या पटासारखं उमटतं. काही कापडं फसवतात, भडक लाल आपल्याला गडद वाटतं पण असतं मधलंच. फोनने फोटो काढ, काळापांढरा कर, लगेच दिसतं कोण कुठल्या ढिगात जाणार ते. मी हे करायला लागल्यापासून माझी कामं बदलली असं मी अगदी मनापासून म्हणेन, त्याआधी सगळं छान कापड घालूनही गोधडी लांबून धुरकट दिसायची.

उभाधागा:
थोडंच सांगतो. कापायच्या आधी सगळं धुवून घेतलंय ना? वापरलेल्या शर्ट-चादरींना भीती नाही, त्या आटून झाल्यात, पण न वापरलेलं नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि मग जुन्या-नव्याच्या टिपेवर चुण्या येतात. लाल आणि गडद निळ्याचा रंग जातो का तेही बघा, कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून धरायचा, डाग आला तर परत धुवायचं. अगदी छोटे तुकडे मशीनमध्ये टाकू नका, कडा उसवून गुंता होतो, बादलीत हाताने.

आणि टाका थोडा बारीक ठेवा, दोन ते अडीच मिलिमीटर, कारण ब्लॉकमध्ये टिपेच्या टोकाला आपण उलट टाका मारत नाही, लांब टाके असले तर कडेला सुटतात.

निळंरीळ:
सगळ्यांचे खूप खूप आभार, मी वहीत उतरवून घेतलं सगळं. पट्ट्यांची परीक्षा लगेच केली, मधली पट्टी एक इंचाच्या जागी पाऊण इंचाच्या जरा वर भरली, म्हणजे पावइंच म्हणाल्या तेच. आता चिकटपट्टी लावलीय. पण झालेल्या १४ ब्लॉकचं काय करू? उसवायचे म्हटलं तर प्रत्येकात आठ टिपा आहेत, आणि चादरीचं कापड जुनं आहे, उसवताना फाटेल अशी धास्ती वाटते.

पावइंच:
अजिबात उसवू नकोस. प्रत्येक ब्लॉकला चारी बाजूंनी दीड इंचाची पट्टी जोड, चौकट केल्यासारखी. सव्वासहाचा ब्लॉक सव्वाआठ होतो, नवा बरोबर साडेसहाचा आला तर तो साडेआठ होतो. मग सगळेच्या सगळे चारी बाजूंनी सारखे छाटून आठ इंचाचे कर. चौकट कुठे एक सूत अरुंद दिसेल, ते कोणाच्या लक्षात येत नाही, पण सांधे सगळे जुळतील. चौकट सगळ्यांना एकाच कापडाची ठेवलीस तर गोंधळलेली कापडंही एकत्र येतात.

आणि ह्यात तुझा दुसरा फायदा बघ. आठचा ब्लॉक जोडल्यावर साडेसात राहतो, आडवे ८ उभे १० लावले की ६० बाय ७५ होतं. १२० ऐवजी ८० ब्लॉक, त्यातले १४ झालेत.

निळंरीळ:
तीन आठवड्यांनी लिहितेय. ३१ ब्लॉक झालेत, चौकटीसकट. नवे सगळे साडेसहाचे येतायत, एखादा धागा इकडेतिकडे. तुकडेजोड ताई, ट्रेची युक्ती फार उपयोगी पडली, परवा लेक म्हणाली मी जोड्या लावून देते, आता तीच फिकं-गडद बघून ट्रे भरून ठेवते आणि मी आले की नुसतं मशीनवर बसायचं.

बाबांचा पहिला शर्ट काल उसवला. चौकडी ताईंनी सांगितलं तसा कमी जवळचा घेणार होते पण हात निळ्या शर्टावरच गेला. हा ते फार घालायचे, धुवून धुवून फिका झालेला. खिसा उसवायला घेतला, एकेक टाका कापत, आणि खिसा निघाला तर खाली कापड गडद निळं, नवं असेल तसं, खिशाच्या आकाराचं, कडेने सुईची बारीक भोकं. उन्हाचा-पाण्याचा हात तिथे लागलाच नव्हता. आणि खिशाच्या तळाशी आतून शाईचा डाग आहे, उजव्या कोपऱ्यात.

बराच वेळ नुसतं हातात धरून बसले. मग मोजलं, त्या गडद भागातून अडीच इंचाचे चार चौकोन निघतायत, त्यातच पाचवा निघत नाही. म्हणून त्या ब्लॉकमध्ये चार गडद, पाच फिके, सगळे एकाच शर्टाचे, एकाच निळ्याचे दोन निळे. मधला चौकोन खिशाच्या कापडाचा घेतेय, शाईचा डाग वर दिसेल असा. डागावर लिंबूबिंबू काही लावणार नाहीये. फक्त विचारायचं होतं, शाई जुनी आहे तरी धुताना शेजारच्या फिक्यावर उतरेल का, की उभाधागा म्हणाले तसं ओल्या फडक्याने आधी दाबून बघू?

उभाधागा:
हो, आधी दाबून बघा, पांढरं फडकं ओलं करून मिनिटभर. इतक्या धुण्यांतून गेलेला डाग असेल तर बहुतेक काही उतरणार नाही. आणि उतरलंच तर तो चौकोन जोडायच्या आधी एकटाच गार पाण्यात बुडवून ठेवा, पाणी स्वच्छ राहीपर्यंत बदलत राहा. साबण नको, चोळू नका. डाग राहील.