मदत हवी आहे: रेस कार बांधून पळवायची की सीट भाड्याने घ्यायची? (पुणे)

नमस्कार मंडळी,

मी आणि माझा मावसभाऊ, दोघं मिळून सर्किट रेसिंगला उतरायचं म्हणतोय. तो चाकणला मेंटेनन्समध्ये आहे, त्यामुळे इंजिन-गिअरबॉक्स उतरवणं-चढवणं घरच्या घरी होईल. बांधणीसाठी साडेचार लाखांपर्यंत आणि नंतर वर्षाला चारेक लाख, एवढी दोघांची मिळून ऐपत आहे. या पैशात ट्रॅकवर जास्तीत जास्त वेळ कसा मिळेल, एवढंच हवंय. कप वगैरे पुढचं पुढे.

पहिला विचार जुन्या मारुती एस्टीमचा. 1298 सीसीचं इंजिन, सुटे भाग नाना पेठेत अजून मिळतात, आणि आपल्याकडच्या ट्रॅकवर ही गाडी इतकी पळाली आहे की सेटअप सांगणारी माणसंही भेटतात. 2007 ला उत्पादन बंद झालं, त्यामुळे पंधरा वर्षं उलटलेल्या गाड्या पाऊण लाखाच्या आत मिळताहेत. गाडीचा खर्च इथेच संपतो. पुढे सुरू होतो पिंजऱ्याचा.

भोसरीत एक जण 55 हजारांत रोल केज (गाडीच्या आतला पाइपांचा पिंजरा) करून द्यायला तयार होता. पाइपचा तुकडा हातात घेऊन आत बोट घातलं तर लांबीभर शिवण लागली, म्हणजे ईआरडब्ल्यू पाइप, पत्रा वळवून जोडलेला. एफआयए म्हणजे जागतिक मोटरस्पोर्ट संघटना, तिच्या अपेंडिक्स जे, कलम 253 प्रमाणे पाइप कोल्ड ड्रॉन सीमलेस, म्हणजे बिनशिवणीचा लागतो (व्यास बाय जाडी): मेन रोलबारला, म्हणजे ड्रायव्हरच्या मागच्या कमानीला, 45 बाय 2.5 किंवा 50 बाय 2 मिमी, बाकी भागांना 38 बाय 2.5 किंवा 40 बाय 2. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, रंग दिल्यावर कोणाला कळतंय! मी तिथूनच परत फिरलो. गाडी उलटली तर आमच्या डोक्यावर तो पाइप असणार आहे, त्यात काटकसर करायची नाही हे दोघांचं पक्कं आहे. दुसऱ्याने सीमलेस पाइप आणि टिग वेल्डिंगसकट 1 लाख 30 हजार सांगितले. त्यावर सीट, हार्नेस (रेसिंगचा सीट बेल्ट), अग्निशामक, कटऑफ स्विच. शिवाय हेल्मेट, फायर सूट, हान्स (मान सांभाळणारं उपकरण), ग्लोव्ह्ज, बूट हे माणशी वेगळं, लाखाच्या वरच जातंय.

दुसरा पर्याय म्हणजे एलजीबी फॉर्म्युला 4 या एकसीटी रेस कारची सीट एखाद्या टीमकडून भाड्याने. इंजिन तिथेही मारुतीचंच 1.3. गाडी, मेकॅनिक, वाहतूक सगळं टीमचं. पण अपघात झाला तर नुकसान कोणाच्या अंगावर, हे करारात नेमकं कसं लिहितात?

कंपनीच्या वन-मेक कपची (सगळ्यांना एकच मॉडेल) पद्धत मला मनापासून आवडते. 2010 मध्ये फोक्सवॅगनने पोलो कप सुरू केला तेव्हा सगळ्यांना सारख्याच 1.6 टीडीआय गाड्या होत्या आणि देखभालही त्यांचीच. पैशाच्या जोरावर कोणी इंजिन वेगळं करू शकत नाही. अमेरिकेत स्पेक रेसर फोर्डचं इंजिन सीलबंद येतं, तेही याचसाठी.

जाणकारांनी आकड्यांत सांगावं: बांधलेली गाडी वर्षभर पळवायला खरा खर्च किती येतो?

– शिवण नसलेला

दुसरा गिअर:
केजबद्दल अगदी बरोबर केलंत. आता तुम्ही न मांडलेला खर्च सांगतो: रस्ता. चेन्नईचा ट्रॅक (इरुंगट्टुकोट्टई, 3.717 किमी) आणि कोइम्बतूरचं करी मोटर स्पीडवे, दोन्ही पुण्याहून साधारण 1200 किमी. नोंदणी संपलेली गाडी चालवत नेता येत नाही, फ्लॅटबेड लागणार. किलोमीटरला 30 रुपये धरा, जाऊन-येऊन 72 हजार. चार राउंड (रेसच्या फेऱ्या) केलेत तर तीन लाखांच्या जवळ, अजून एक टायरही घेतलेला नाही! म्हणून गाडी सीझनभर तिकडेच एखाद्या गॅरेजमध्ये ठेवा, तुम्ही रेल्वेने जा.

पेट्रोलची चिंता करू नका, ते या हिशोबात किरकोळ आहे. टायर, ब्रेक पॅड, क्लच आणि एक सुटा गिअरबॉक्स हे खरे खाणारे. आणि जुनं सामान घेताना लेबल वाचा. एफआयएच्या 8853-2016 मानकाचा हार्नेस पाचच वर्षं चालतो, 8855-1999 ची सीटही पाचच. मुदत उलटलेली सीट कितीही नवी दिसली तरी स्क्रुटिनीत (रेसआधीच्या तपासणीत) अडकते.

मावळा_४x४:
भाऊ, दोघांत एक गाडी हा मुद्दा नीट बघा. आपल्याकडे बहुतेक स्प्रिंट रेस. चेन्नईला लॅप दोन मिनिटांच्या आसपास, दहा लॅपची रेस धरली तर वीस-बावीस मिनिटं, आणि ती दोघांपैकी एकानेच चालवायची. म्हणजे खर्च निम्मा झाला तसा वेळही निम्मा. अमेरिकेतल्या 24 अवर्स ऑफ लेमन्समध्ये एका गाडीवर अनेक ड्रायव्हर आळीपाळीने तासन्‌तास चालवतात, म्हणून तिथे वाटणी परवडते. गाडीला 500 डॉलरची मर्यादा, आणि सुरक्षेचं सामान त्या मर्यादेत धरतच नाहीत. तुम्हाला जे हवंय ते खरं म्हणजे असं काहीतरी आहे.

माझं मत: यंदा बांधू नका. एफएमएससीआयचं (भारतातली मोटरस्पोर्ट संघटना) लायसन्स काढा, सूट-हेल्मेट-हान्स घ्या (ते कुठल्याही गाडीत उपयोगी पडतं), दोघांनी एकेक राउंड भाड्याच्या सीटवर करा. मधल्या काळात ऑटोक्रॉस (छोट्या आखलेल्या मार्गावर एकेका गाडीची वेळ मोजतात ते). आणि बांधायचीच झाली तर ज्या वर्गात उतरणार त्याचं त्या वर्षीचं नियमपत्रक आधी हातात घ्या, मग गाडी शोधा. एस्टीम कुठल्या वर्गात बसते हे न बघता केज वेल्ड केला तर तो काढून दुसऱ्या गाडीत बसत नाही.

शिवण नसलेला:
दोघांचेही मनापासून आभार. वेळही निम्मा होतो हे रात्री मावसभावाला दाखवलं, तो बराच वेळ कॅल्क्युलेटर घेऊन बसला होता. एस्टीमवाल्याला सध्या थांबायला सांगितलंय. सूट आणि हान्सची ऑर्डर या महिन्यात देतो.

आता दोनच गोष्टी हव्यात. एक, भाड्याच्या सीटच्या करारात अपघाताच्या नुकसानीची कमाल रक्कम लिहून देणाऱ्या टीमचा कोणाला अनुभव आहे का? दोन, कोइम्बतूरला सीझनभर गाडी ठेवायला महिन्याला काय घेतात? व्यनि केला तरी चालेल.