गिंपमध्ये १३ ते ७ ठिपक्यांची रांगोळी: ठिपके जागेवर बसत नाहीत

वहीतली_रांगोळी:
आईची रांगोळीची जुनी वही आहे, सगळी पेन्सिलीने काढलेली. पानं आता इतकी फिकट झालीत की ठिपका कुठला आणि डाग कुठला हे उजेडात धरून बघावं लागतं. म्हणून स्कॅन करून गिंप २.१० मध्ये (चित्रं काढण्याचं सॉफ्टवेअर) नव्याने काढायला घेतल्यात. दिवाळीच्या आत निदान बारा रांगोळ्या छापून दोन्ही बहिणींना द्यायच्या आहेत.

अडलंय ते असं. ग्रिड, म्हणजे आडव्या-उभ्या रेघांची जाळी, दाखवलं की चौकोन येतात, पण १३ ते ७ मध्ये प्रत्येक ओळीचा ठिपका आधीच्या दोन ठिपक्यांच्या मध्ये बसतो. अंदाजाने दिले तर पाचव्या ओळीपर्यंत सगळं उजवीकडे सरकतं. माउसने रेघही थरथरते. आणि काल अर्धा तास ब्रश उमटतच नव्हता. आई रोज विचारते, "मधली ओळ तेराचीच धरलीस ना?" कुणी नीट समजावून सांगेल का?

रेघोट्या:
ताई, ब्रश उमटत नसेल तर आधी कंट्रोल-शिफ्ट-ए दाबा. कुठेतरी बारीकसं सिलेक्शन (निवडलेला भाग) राहून गेलेलं असतं आणि त्याच्या बाहेर काहीच उमटत नाही. माझंही बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. सरळ रेघेसाठी एका ठिपक्यावर क्लिक करा, शिफ्ट धरून ठेवा, दुसऱ्या ठिपक्यावर क्लिक करा. हात ओढायचाच नाही. ठिपके एका लेयरवर (चित्राचा पारदर्शक थर) आणि रेघा दुसऱ्यावर ठेवा, म्हणजे शेवटी ठिपके लपवता येतील.

सहा_पाकळ्या:
ग्रिड चौकोनीच असायला हवं असं नाही. इमेज मेनूत कॉन्फिगर ग्रिड उघडा. आडवं आणि उभं अंतर जोडणारी साखळी असते, ती तोडा. चित्र १२०० बाय १२०० पिक्सेलचं घ्या, आडवं अंतर ४०, उभं ६९. उभ्या ऑफसेटला ४८ द्या, म्हणजे ग्रिडच्या रेघा जिथे छेदतात तो एक छेद बरोबर मध्यावर येईल. आता ठिपका एक छेद सोडून एक द्यायचा, आणि पुढच्या ओळीत सोडलेल्या छेदांवर. व्ह्यू मेनूतलं स्नॅप टू ग्रिड चालू केलं की ठिपका छेदावरच बसतो.

आणखी एक. १३ ते ७ चा आकार षटकोनी असतो. विंडोज मेनूत डॉकेबल डायलॉग्जमध्ये सिमेट्री पेंटिंग आहे, त्यात मंडला निवडून पॉइंट्स ६ करा. एक ठिपका दिला की सहा उमटतील. फक्त एकाच फाकीचे (मध्यापासून होणाऱ्या सहा भागांपैकी एकाचे) ठिपके द्या, आणि त्या फाकीच्या दोन कडांपैकी एकाच कडेवरचे.

वहीतली_रांगोळी:
झालं! मधला एक आणि फाकीतले २१, असे २२ क्लिक, आणि पानावर १२७ ठिपके. मी मोजले, दोनदा. वरच्या ओळीत सात, मध्ये तेरा. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मग बरोबर आहे, आता कमळ घाल."

तिथेच अडले. पाकळीची वळणं शिफ्टने येत नाहीत, आणि हाताने काढली तर प्रत्येक पाकळी वेगळीच होते.

रेघोट्या:
वळणाला पाथ टूल, कळ बी. पाकळीच्या देठाच्या ठिपक्यावर क्लिक, टोकाच्या ठिपक्यावर क्लिक. मग मधली रेघ धरून बाहेर ओढा, ती वाकते. हे करताना स्नॅप टू ग्रिड बंद ठेवा, नाहीतर वळण हिसके देत सरकतं. पसंत पडलं की टूलच्या पर्यायांतलं स्ट्रोक पाथ दाबा, जाडी ४ ठेवून बघा. नाही आवडलं तर अनडू करून पुन्हा ओढा, पाथ तसाच राहतो. मला या टूलची सवय व्हायला बरेच दिवस लागले, पण आता ब्रशने वळण काढावंसंच वाटत नाही.

वहीतली_रांगोळी:
कमळ आलं. पहिल्या पाकळीला चाळीस मिनिटं लागली, सहाव्या पाकळीला पाच. स्कॅनचा लेयर खाली अंधूक ठेवला होता, त्यावरून दिसलं की आईची एक पाकळी दुसरीपेक्षा थोडी बारीक आहे. ती मी तशीच ठेवली.

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. उद्या १५ ते ८ घेते. १६९ ठिपके, म्हणजे २९ क्लिक.